ठुमकीचे पंख

सोमवार, ९ तारीख

डोकं मला मिळालं! ठुमकीचं डोकं — मला!

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. झालं असं की बाईंचा उजवा खांदा गेले कित्येक दिवस दुखतोय. ठुमकी ही बाहुली दिसायला एवढीशी बदकीण, पण तिला चालवायला टेबलाखाली दोन माणसं लागतात. एकाचा हात डोक्यात, आवाजही त्याचाच. दुसऱ्याचे दोन्ही हात पंखांत. ठुमकीला घडवलं बाईंनी, त्यामुळे डोकं पहिल्यापासून त्यांचं. पंख माझे. टीव्हीवरच्या तिच्या मालिकेत मी कामाला आले तेव्हापासून हेच. आज चहाच्या वेळी बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सिनेमातला शेवटचा प्रसंग ही करेल. मी पंख घेते." दिग्दर्शकांचं बिस्किट चहात पडलं ते बुडूनच गेलं.

नंतर दिग्दर्शकांनी मला बाजूला घेतलं. "शुक्रवारी बघू. जमलं तर ठुमकी तुमची. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणीन. मग रुसायचं नाही."

मी कशाला रुसते. (आणला तर बोलणारसुद्धा नाही त्यांच्याशी.)

मंगळवार, १०

घरी सांगितलं. नवरा म्हणे, "म्हणजे आता तुझा पण खांदा दुखणार?" या माणसाशी मी लग्न केलं!

लेकीनं मात्र मिठी मारली, आणि लगेच दम दिला — "तिला रडवायचं नाहीस हं, आई." मी खाली टेबलाखाली असते हे तिला पक्कं माहीत आहे, तरी ठुमकीशी बोलताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही. आता हिला काय सांगू? शेवटी तेच तर करायचंय. अख्खा सिनेमाभर ठुमकी एक गोल दगड अंडं समजून उबवत बसलेली असते. शेवटी कासव येऊन खरं काय ते सांगतं. ठुमकी ऐकून घेते. मग म्हणते, "मला माहीत आहे रे, दगडच आहे तो. पण आता त्याला ऊब आलीय."

बस्स, एवढंच.

बाहुलीच्या डोळ्यांत पाणी येत नाही. दोन काळी बटणं ती. मान किती झुकवायची, किती वेळ तशी ठेवायची, सगळं त्यावर. मी शाळेत होते तेव्हा एका भागात कावळा कुणाला न सांगता निघून गेला होता. ठुमकी झोपाळ्यावर एकटी. तिनं बाजूच्या रिकाम्या जागेकडे एकदाच मान वळवली, आणि थोडी सरकून बसली — तो येईल तेव्हा जागा हवी म्हणून! मी जेवले नाही त्या दिवशी. आईला वाटलं पोट बिघडलं. तो बाईंचा हात होता. त्याच दिवशी ठरवलं की आपण हेच करायचं.

बुधवार, ११

आज तालीम. आवाज जमला! बाई हसल्या. मानेचं उद्या बघू म्हणाल्या.

गुरुवार, १२

वाट लागली. पार वाट लागली.

सेटवरचे सुतारकाका, ज्यांना कशाचंच काही वाटत नाही, ते जाता जाता म्हणाले, "मान टेबलफॅनसारखी फिरतीय की." सगळे हसले. मीही हसले, काय करणार. बाई नाही हसल्या. "तू रडून दाखवतेयस," म्हणाल्या. "अगं, तिला कासवासमोर रडायचंच नाहीये. ती लपवणार. तू लपव." दुपारभर लपवत बसले. दिग्दर्शक फोनवर कुणाला तरी विचारत होते, "शनिवारी मोकळे आहात का?" मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

उद्या माझं काही खरं नाही.

शुक्रवार, १३

झालं! झालं! झालं! नीट लिहिते.

टेबलाखाली बाई आणि मी, खांद्याला खांदा लावून. डोळे समोरच्या छोट्या पडद्यावर, कारण वर ठुमकी काय करतेय ते तिथंच दिसतं. कासवानं सांगितलं. आता माझं वाक्य. आणि वाक्य गायब! डोकं कोरं. घाबरून मी मान आहे तिथंच धरून ठेवली. श्वाससुद्धा सोडला नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग पडद्यावर दिसलं — ठुमकीचा उजवा पंख गळून खाली लोंबला. आणि डावा हळूच पुढे गेला, चाचपडत, आणि त्यानं तो दगड पोटाशी ओढून घेतला. कागदावर असं काही नव्हतंच. ते बघितलं आणि माझं वाक्य आपोआप आलं, इतकं बारीक की ऐकू गेलं की नाही कळेना.

कुणी 'कट' म्हणेचना. बाहेर सरपटत आले तर दिग्दर्शक चष्मा पुसतायत. सुतारकाका भिंतीकडे तोंड करून, नसलेला खिळा शोधतायत. मग टाळ्या. सगळे बाईंकडे धावले — काय पंख चालवलात, काय पंख! बाई म्हणाल्या, "मी काही केलं नाही हो." मोठ्या माणसांचं हे असंच. लगेच पर्स उचलून निघूनही गेल्या, डोळेसुद्धा वर केले नाहीत. खांदा फार दुखत असणार.

दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ठुमकी तुमची."

तरंगत घरी आले. लेक म्हणाली, "रडवलंस ना तिला? कळतं मला." आणि रुसून बसली. घ्या!

शनिवार, १४

सकाळपासून टोचतंय. प्रसंग कुणी तारला? पंखांनी. मी काय केलं? वाक्य विसरले. इतकी वर्षं पंख माझ्याकडे होते, असं कधी सुचलं का मला? बाईंना पहिल्याच आठवड्यात सुचलं, तेही दुखऱ्या खांद्यानं. हेवा वाटतोय. आणि इतकं सुंदर काही मी इतक्या जवळून पाहिलं याचा आनंदही होतोय. दोन्ही एकदमच.

मी डोकं घेणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं. सोमवारी दिग्दर्शकांना सांगणार, बाहेरून माणूस आणा. नवरा म्हणतो, "वेडी आहेस का? देतायत तर घे की." नाही घ्यायचं. ठरलं. बाईंना फोन लावला, उचलला नाही.

सोमवार, १६

दिग्दर्शकांकडे गेले. तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बसा, आधी हे बघा." जाहिरातवाल्यांनी टेबलाखाली एक छोटा कॅमेरा लावला होता म्हणे, कुणाला न सांगता. शुक्रवारचंच चित्रण. मी मान धरून ठेवलेली, डोळे पडद्यावर. शेजारी बाई. त्यांचे दोन्ही हात पंखांतून बाहेर आलेले, तोंडावर घट्ट दाबलेले. वर ठुमकीकडे बघत लहान मुलीसारख्या रडतायत. उजवा पंख रिकामा, लोंबतोय. आणि डाव्यात माझा दुसरा हात.