न विचारलेला कौल

शनिवार, ५ एप्रिल १९८६

काल लिहिले ते चुकले. देवाने गप्प राहायचा कौल दिला असे मी लिहिले — तसे झाले नाही. बाबांनी गुरवाकरवी विचारले ते एवढेच, की वेंगुर्ल्याचे स्थळ माझ्या बऱ्याचे आहे का. उजव्या बाजूचे पान पडले. म्हणजे होय. माझ्या अधू पायाचे मुलाकडच्यांना सांगावे की लपवावे, हे कोणी विचारलेच नाही. देवळाच्या पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "देवान उजवो दिल्यान. आता पायाचा नाव काढू नको." घरी पोचेपर्यंत ते देवाचेच बोलणे होऊन बसले, आणि मीही तसेच लिहून टाकले.

चुकले तर फाडायचे नाही, पुढे नीट लिहायचे — शाळेत जायच्या आधी बाबांनीच मला घरी असे शिकवले.

सोमवार, ७ एप्रिल

संध्याकाळ झाली की डावा पाय भरलेल्या घागरीसारखा. मोडलेले हाड केव्हाच जुळले. पण प्लास्टरमध्ये असताना शिरेत रक्ताची गाठ झाली, ती पाय नासवून गेली. गेल्या वर्षी दुसरी गाठ, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज. घोट्यावरची कातडी काळी पडली आहे, तिच्यात ती जखम — भरते, पुन्हा फुटते. पट्टी सोडली की माशा येतात. चार जणांना भात वाढेपर्यंत पोटरी आतून फाटेल असे वाटते.

तेवीस वर्षांची आहे मी. हे जन्मभर?

गुरुवार, १० एप्रिल

मुलाच्या आईचा, सुभद्राबाईंचा निरोप आला — पैंजणांसाठी घोट्याचे माप दोऱ्यावर घेऊन पाठवा. आईने माझ्या धाकट्या बहिणीला, सरलाला हाक मारली आणि दोरा तिच्या घोट्याभोवती गुंडाळला. मी दारातच उभी.

"लगीन तुझा नि पाय माझो," सरला म्हणाली. "बोहल्यार पण मीच चढू काय गो ताये?"

आई हसली. मलाही हसू आले. मग रडू.

"आता रडतंस कित्याक? पाय फुकट दिलंय मां?"

शुक्रवार, ११ एप्रिल

दोरा वेंगुर्ल्याला गेला.

रविवार, १३ एप्रिल

आई म्हणते, "थंय गोळी घेतलंस तर सासू विचारतली. आतापासून सवय मोड." बाबा पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "एक पोर होवंदे. मगे सांगू."

एक पोर. गोव्याच्या डॉक्टरांनी बाबांच्या समोर सांगितले होते — गोळ्या बंद केल्या तर गाठ पुन्हा होईल, छातीत गेली तर जीव जाईल. आणि गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर बाळाला इजा. "लग्न ठरलं तर नवऱ्याला आधी सांगा, आणि दोघं इथे या." बाबांनी मान हलवली होती. मी त्याची आठवण करून दिली.

"डॉक्टर गोंयात," बाबा म्हणाले. "आमका हयसर, ह्या गावात रवाचा आसा."

तो मुलगा मी एकदाच पाहिला. त्याने बशीतला चहा शेजारी बसलेल्या त्याच्या मामांच्या धोतरावर सांडला, आणि ओशाळून माझ्याकडेच बघितले. त्याला कसे फसवू? आणि फसवले नाही तर मला कोण नेणार? दोन्हीकडून विचार करते, दोन्हीकडे भिंत. असे जगण्यापेक्षा — नाही, ते लिहिणार नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

फडताळात गोळ्या नाहीत.

"चुलीत घातलंय," आई म्हणाली. "तुझ्या बऱ्यासाठीच गो." तिचे डोळे सुजलेले होते. बाबांना ठाऊक होते.

बुधवार, १६ एप्रिल

रविवारी साखरपुडा. परवा आई-बाबा खरेदीला मालवणात जातील. ते गेले की वेंगुर्ल्याची एसटी धरायची. सुभद्राबाईंच्या ओटीवर बसून पट्टी सोडायची. त्यांनी लग्न ठेवले काय, मोडले काय, पुढची गाडी गोव्याची, डॉक्टरांकडे. दिवस ठरला: शुक्रवार, १८ एप्रिल.