ताटावर आडवा धरलेला हात

रविवार, १२ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. वजन उतरत होतं तेव्हा रोज लिहायचे. ते स्थिरावलं आणि वही बाजूला पडली. चूक माझीच.

आज सासूबाईंनी गोळाभात केला होता. भातावर डाळीचा गोळा कुस्करायचा आणि वरून फोडणीचं गरम तेल घ्यायचं. वर्षभर ते तेल आलं की मी ताटावर हात आडवा धरते. आज ती वेळच आली नाही. सगळ्यांना वाढत त्या माझं ताट ओलांडून पुढे गेल्या. मला हेच हवं होतं ना? मग कोरडा घास गिळवेना का?

"आई, मले बी वाढा नं."

त्या थांबल्या. "तुले चालते काय वं?"

"थोडं चालते."

"आज उपास सुटला वाटते," हे म्हणाले.

"तू जेव गा चुपचाप." सासूबाईंनी यांना दटावलं आणि अर्धी पळी तेल नेमकं माझ्या गोळ्यावर सोडलं.

सावकाश खाल्लं. पुन्हा भात घ्यावासा वाटला नाही. एरवी कोरडा भात खाऊन नंतर मी शेंगदाण्यांचा डबा उघडते, हेही खरं. मी हात फक्त तेल नको म्हणून धरत होते. सासूबाईंना तो त्यांच्या हातचं जेवणच नको म्हणून धरलेला वाटला असेल का? त्या कधी बोलल्या नाहीत. अर्ध्या पळीनं वजन परत येईल? बहुतेक नाही.

उद्या: नेहमीसारखं फिरायला जाणे, पण आधी वजनकाट्यावर उभं न राहता.