तांदळातली नक्कल

किकवी, २ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

पासलीत तुमच्या फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या कुंडलिकबरोबर पाठवते. तुमच्या कंप्युटरची सिस्टीम इतकी जुनी झालीय, की बनवणाऱ्यांनीच कधीचे हात वर केलेत. तिला आता दुरुस्ती मिळत नाही. नवीन घेतला तर तुमचा प्रिंटर त्यावर चालत नाही, हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. मग निदान एवढं करा. नेटची वायर काढा. कुणाचाही पेन ड्राइव्ह लावू नका, अगदी कुणाचाही. आणि जन्मनोंदींच्या दोन नकला काढून एक मला पाठवा, दुसरी मशीनपासून लांब ठेवा.

तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून तुम्ही वाड्यावस्त्यांवरचे जन्म वहीत मांडलेत. वह्या वाळवीने खाल्ल्या. आता जे काही आहे ते त्या मशीनमध्ये आहे, म्हणून जीव टांगणीला लागतो.

रागावायचं असेल तर सविस्तर रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमची,
मोहिनी

पासली, ५ नोव्हेंबर

चि. मोहिनीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा हुकूम पोचला. नेटची वायर काढता येईना, म्हणून विळ्याने कापली. आता तरी झोप. दोन पेन ड्राइव्हवर दोन नकला काढल्या. एक हळदीच्या डब्यात ठेवली, दुसरी कुंडलिकच्या हाती तांदळाबरोबर पाठवते आहे.

वरच्या धनगरवाड्यातली शेफाली आठवते का? माझ्याच हातावर जन्मली. तिला नर्सिंगला जागा मिळाली आहे, पण जन्मतारखेचा पुरावा नाही. अठरा तारखेला वेल्ह्यात कागद तपासणार आहेत. माझ्या नोंदीची सहीनिशी प्रत चालेल, असं तिथल्या साहेबांनी सांगितलंय. ही तारीख चुकली तर जागा दुसऱ्याला जाईल. पोरगी रोज डोंगर उतरून विचारायला येते, आणि मी तिला चहा पाजून परत पाठवते. प्रिंटरची शाई आली की लगेच छापते.

तांदूळ जपून खा, भाताला वास चांगला आहे.

तुझी आत्या,
बयाबाई

पासली, १२ नोव्हेंबर

चि. मोहिनीस, आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. मशीनवर लाल पाटी आली आहे. सगळ्या फायलींना कुलूप लावलंय, पैसे भरा म्हणतात. एकही नोंद उघडत नाही.

चूक माझी. शेजारच्या रोहिदासची आई, सगुणाबाई, शनिवारी गेली. शाई आली त्याच दिवशी तो दहाव्याचं पत्रक छापायला पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यात तिचा फोटो होता, आयुष्यात काढलेला एकच. लई उपकार व्हतील, असं म्हणत दारात उभा राहिला. मयताच्या कामाला नाही कसं म्हणायचं, मोहिनी? मला जमलं नाही.

पुढचं सांगायला लाज वाटते. पाटी पाहून घाबरले आणि हळदीच्या डब्यातली नक्कल शाबूत आहे का, हे बघायला तीही त्याच मशीनला लावली. तीही गेली.

आता तुझ्याकडच्या नकलेवर सगळं आहे. सहा दिवस उरलेत.

तुझी,
आत्या

किकवी, १३ नोव्हेंबर

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पैसे भरू नका, मशीनला हात लावू नका. आत्या, तुमची नक्कल मला मिळालीच नाही. कुंडलिकने फक्त तांदूळ दिले. मला वाटलं, तुम्ही पाठवायला विसरलात, आणि विचारायचं माझ्याकडूनही राहिलं. कुंडलिक शपथेवर सांगतोय की दुसरं काही नव्हतं. कशात ठेवली होती ते टेम्पो परतण्याआधी लिहा.

रोहिदासला त्याचा पेन ड्राइव्ह आणखी कुठे लावू देऊ नका. त्याला खरं काय ते सांगा.

मोहिनी

पासली, १४ नोव्हेंबर

चि. मोहिनी,

तांदळाच्या पोटात आहे. ओल लागू नये म्हणून आम्ही मोलाची वस्तू तांदळात खुपसून पाठवतो. तुला ठाऊक असेल असं धरून चालले. पिशवी ओतून बघ.

रोहिदासचा पेन ड्राइव्ह काहीतरी सांगून मागून घेतला आहे, सोबत आहे. पण त्याला सांगणार नाही. आईच्या दहाव्यापायी शेफालीची जागा जाईल, हे ओझं त्याच्या डोक्यावर ठेवायचं मला धाडस नाही.

आत्या

किकवी, १७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

ते तांदूळ मी शेजारच्या बनाबाईंना लेकीच्या डोहाळेजेवणासाठी दिले होते. धावत गेले तर भात शिजून, पंगत उठूनही गेलेली. पेन ड्राइव्ह तांदूळ धुताना त्यांच्या हाताला लागला होता. कुणाचं तरी काहीतरी आहे म्हणून त्यांनी तोही स्वच्छ धुऊन वाळत घातला होता. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

दोन दिवस सुकवला आणि ज्यात काही गमवायचं नाही अशा मशीनवर भीत भीत उघडला. नोंदी आहेत. शेफालीचं पान सोबत आहे, सही तुमची करा. सगळ्या नोंदी कागदावरही छापल्यात.

रोहिदासचा पेन ड्राइव्ह मी मोडला. त्याआधी फोटो सोडवून घेतला आणि मोठा छापला. तो तांदळात नाही, पुठ्ठ्यात आहे.

मोहिनी

पासली, १९ नोव्हेंबर

चि. मोहिनीस, अनेक आशीर्वाद.

शेफालीचा कागद पास झाला. ती सोमवारी पुण्याला जाते. मशीन बंद करून त्यावर चादर घातली आहे. तू येशील तेव्हा बघू.

संध्याकाळी रोहिदासला फोटो दिला. बराच वेळ उंबऱ्यावर बसून बघत होता. मग पेन ड्राइव्हचं विचारलं. मी सांगितलं, जुना झाला होता, आपोआप खराब झाला. त्याने मान डोलावली.

तीस वर्षांत मी एक नोंद खोटी केली नाही. ही पहिली. तुझ्याकडच्या कागदांत ही तेवढी लिहू नकोस.

माया आहे तशी राहू दे. तांदूळ पाठवते आहे, यात फक्त तांदूळ आहेत.

तुझी,
आत्या