अब्बा आणि इंग्रजी गाणी

लोणंद, रविवार, रात्र

आज रेडिओवर श्रोते सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांच्या आठवणी सांगत होते. शिराळ्याचे एक आजोबा म्हणाले, "तवा मी लोणंदला नोकरीला. बेलबॉटम शिवणारा एकच टेलर. रेडिओवर गिटार लागली, की गडी मशीन थांबवून डोळे मिटायचा."

म्हणजे माझे अब्बाच. मशीन थांबवून? मी नुसतं गुणगुणले तरी उठून जाणारे अब्बा?

ते आता नाहीत. अम्मीला विचारलं. "व्हय," ती म्हणाली. "तू व्हायच्या आधी दुकान जळालं, त्यात रेडिओबी गेला. गाणं ऐकलं की त्यास्नी सगळं आठवायचं."

आणि मी समजत होते, त्यांना माझा आवाजच आवडत नाही.

अंधारलं तरी आम्ही दिवा लावला नाही. "आता म्हण की," अम्मी हळूच म्हणाली. या घरात आज पहिल्यांदा मी मोकळ्या गळ्यानं गायले.