सैंधवाची पुडी

सोमवार, ४ ऑगस्ट १९९७. बडोदे

श्रावणाचं सामान आलं. साबुदाणा २ कि. ४० रु., शेंगदाणे २ कि. ५६, मोरैया (वरई) १ कि. १८, राजगिरा अर्धा कि. १५, सैंधव २ कि. १६. ह्यांच्या बी.पी.च्या गोळ्या महिन्याच्या ७४. रिक्षा केली नाही. वाण्याने थट्टा केली, "बेन, बब्बे किलो सिंधालूण? आखा महोल्लानो उपवास छे के शुं?" म्हटलं, अख्ख्या गल्लीचा नाही, आमच्याकडेच बारा महिने लागतं.

चैत्रात डॉ.नी ह्यांचं मीठ बंद केलं. त्या दिवशी मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली ती अजून खाली आलेली नाही. भाजी, आमटी, भाकरीचं पीठ, सगळं सैंधवात. लिंबाचं लोणचंसुद्धा उपासाचं. मीही तेच जेवते. दोन माणसांत दोन पातेली कशाला. उपासाला जे चालतं ते बाधायचं नाही, एवढी बुद्धी देवाने दिली म्हणायची.

पहिला सोमवार. एकशे आठ बेल वाहिले. ह्यांचं डोकं सकाळपासून जड. चप्पल पायात शिरेना.

गुरुवार, ७ ऑगस्ट

डॉ.कडे गेलो. १९० वर ११०. डॉ.नी पट्टा सोडला, पुन्हा बांधला. तेच.

डॉ. गुजराती, पण रावपुऱ्यात मराठी पेशंट बघून बघून आमच्यासारखंच बोलतात. "काका, मीठ खाताय." हे म्हणाले, "घरात मीठच नाही. हिला विचारा." "मग बाहेर खाताय."

हे काही बोलायच्या आत मीच बोलले. रोज संध्याकाळी फरसाणाच्या दुकानाबाहेर बाकावर बसतात म्हणून सांगितलं. पापडी आणि तळलेली मिरची ह्यांच्या जिवाची, हेही सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले.

डॉ.नी कागदावर नळी काढून दाखवली. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, मग नळीत दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. आणि एक दिवस हात उचलत नाही, जीभ वळत नाही. "गोळी एका बाजूने ओढते, मीठ दुसऱ्या बाजूने. आता तिसरी गोळी देऊ की तोंड सांभाळता?" महिनाभर बघू म्हणाले. गोळ्या त्याच.

ह्यांचे वडील असेच गेले होते. पाटावर बसल्या बसल्या. माझ्या डोळ्यांपुढून तो पाट हलत नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पूजा झाल्यावर ह्यांना देवापुढे उभं केलं. म्हटलं, गणपतीवर हात ठेवा आणि सांगा, बाहेर काही खात नाही.

हात ठेवला. म्हणाले, "चैत्रापासून चहासुद्धा बाहेर घेतला नाही." मग हात काढून म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही, तर त्याला कशाला मध्ये घालतेस?"

मला वाटलं, देवापुढे खोटं बोलतात. ह्यांच्या वतीने मीच अकरा अथर्वशीर्षं म्हटली.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज दुकानावर गेले. हे बाकावर बसून पेपर वाचत होते. अजून तिघे-चौघे होते, सगळे रेल्वेतले, ह्यांच्याबरोबर रिटायर झालेले. मी दुकानवाल्याला म्हटलं, ह्यांना एक गाठिया जरी दिलात तरी ह्यांच्या जिवाला तुम्ही जबाबदार.

तो बिचारा झारा हातात धरून, "काकीबा, काका तो अहीं खाली छापुं वांचवा आवे छे. कांई लेता नथी." मी म्हटलं, नुसता पेपर वाचायला येतात, काही घेत नाहीत, असं तुम्ही म्हणणारच.

मागून कोणीतरी हसलं. "साठे, उद्या येताना चिठ्ठी घेऊन या घरून."

ह्यांनी पेपरची घडी घातली, बाकावर ठेवली आणि घरापर्यंत माझ्यामागून चालत आले. मला बरोबरच वाटत होतं. जीव वाचवायचा तर लाज

(पुढे लिहिलं नाही. दूध उतू गेलं.)

मंगळवार, १२ ऑगस्ट

तीन दिवस हे घराबाहेर पडले नाहीत. खिडकीशी बसतात. जेवताना लोणचं वाढलं तर, "हे चालतं ना? नक्की?" असं विचारतात. टोमणा आहे की खरंच विचारतात, कळत नाही. मी म्हटलं, हे उपासाचं आहे, खुशाल खा. आणखी एक फोड वाढली.

साताऱ्याहून आक्कावन्संचं पत्र. धाकट्या भावाने, म्हणजे ह्यांनी, महिनाभर येऊन राहावं म्हणतात. ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि बॅग काढली. मी जा म्हटलं. तिथे फरसाण नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

गेले. स्टेशनवर मी पोचवायला. बरोबर गोळ्या, राजगिऱ्याचे लाडू (बिनमिठाचे असतात), आणि सैंधवाची एक किलोची पुडी, दोन कागदांत बांधून वर दोरा. आक्कावन्संना चिठ्ठी दिली: ह्यांच्या जेवणात फक्त हेच घालावे, मीठ अजिबात नको, इकडे तिकडे खाऊ देऊ नये, लक्ष ठेवावे.

गाडी हलताना म्हणाले, "चिठ्ठीत काय लिहिलंस ते मी वाचलंय." खिडकीतून हात हलवला नाही. गर्दीमुळे असेल.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पत्र नाही. एकटीपुरता स्वयंपाक करवत नाही. वरण-भात, सैंधव, लोणचं. माझे पाय सुजलेत. उपास जास्त झाले असतील.

मंगळवार, २६ ऑगस्ट

काल देवळात प्रदक्षिणा घालताना खांब धरावा लागला. आज आक्कावन्संचं कार्ड आलं:

"वसंताचे बी.पी. काल मोजले. १५० वर ९२. पायाची सूज गेली. इथल्या डॉ.नी पंधरा दिवस निव्वळ अळणी द्यायला सांगितले होते. पहिले दोन दिवस नाक मुरडले, आता मुकाट जेवतो. तुझ्या पथ्याने झाले नाही ते माझ्या अळणी पिठल्याने झाले बघ. तुझी पुडी तशीच आहे. पण बिचारा अळणी तरी किती दिवस खाईल? गणपती बसले की पुडी फोडते. तो तुला पत्र लिहीत नाही, मी म्हटले तर उठून जातो. भांडलात का?"

कार्ड आहे. पोस्टमननेही वाचलं असणार. आधी वन्संचा राग आला, मग ह्यांचा. म्हणजे इथे खातच होते, असं मनात आलं. देवापुढे दिवा लावला आणि हात जोडताना कसंतरी झालं.

बुधवार, २७ ऑगस्ट

पुन्हा घेरी आली. फीचे ३० रु. वाचवावेत म्हणून सकाळभर थांबले, शेवटी गेले डॉ.कडे.

माझं १७६ वर १०४.

डॉ.नी चष्मा काढला. हसून म्हणाले, "बेन, तुम्ही कुठल्या दुकानाच्या बाकावर बसता?"

मी म्हटलं, लग्नानंतर बाहेरचं पाणीसुद्धा प्यायले नाही मी. म्हणाले, "ते माहीत आहे. म्हणून तर विचारतोय. घरात मीठ नाही, बाहेर तुम्ही खात नाही. काल काय जेवलात ते सांगा. काही गाळू नका." सगळं सांगितलं. लोणच्यापाशी थांबवलं.

"लोणचं कशात घातलं?"

"सैंधवात. उपासाचं आहे."

"आणि भाजी?"

"तीही. ह्यांचंही सगळंच. चैत्रापासून."

डॉ. हसायचे थांबले. "बेन, सैंधव म्हणजे मीठच. समुद्रातलं काय, खाणीतलं काय, नळीला फरक कळत नाही."

"उपासाला चालतं," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"देवाला चालतं. बी.पी.ला नाही चालत." मग म्हणाले, "चैत्रातच मला विचारायचं होतं."

विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. डॉ. म्हणाले, "काकांना मी उगाच बोललो. तुम्ही त्यांना कळवा." मला एक गोळी दिली. सकाळी एक, रोज, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. मानेने हो म्हटलं. पायऱ्या उतरताना वर बघवलं नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

ही वही पुढून उघडली. हिशेब पुढे, हे मागे, अशी सवय. चैत्र ते श्रावण सैंधव साडेपाच किलो. त्याआधी अख्ख्या वर्षाला एक किलो पुरे. माझ्याच अक्षरात, तारखांसकट. सैंधव जरा सौम्य लागतं म्हणून मी चिमूट वरून घालत होते. बाधत नाही म्हणून हात सैल.

मॅट्रिकला शास्त्रात मला साठाच्या वर मार्क होते.

माहीत नव्हतं याची लाज नाही वाटत एवढी. माणसाला सगळंच कुठे माहीत असतं. पण एकतीस वर्षं संसार केला, ह्यांनी एकदाही खोटं सांगितल्याचं आठवत नाही, आणि मी देवावर हात ठेवायला लावला. वर त्यांच्या नावाने अथर्वशीर्षं म्हटली. ती कुठे जमा झाली असतील? देवापुढे आज बसले, पण तोंडातून अक्षर येईना. नुसती वात सारखी केली.

ज्या हाताने लोणच्याची जास्त फोड वाढली तोच हात…

संध्याकाळी फरसाणवाल्याकडे गेले. म्हटलं, भाई, त्या दिवशी माझी चूक झाली, काका खरं बोलत होते. त्याने बाकावरची पिठाची धूळ फडक्याने झटकली. "काकीबा, काकाने मोकलो. छापुं रोज आवे छे, वांचनार नथी." काकांना पाठवा, पेपर रोज येतो पण वाचणारा नाही, म्हणाला. रेल्वेतले दोघे बसले होते. त्यातला, त्या दिवशी चिठ्ठीवरून थट्टा करणारा, उठून उभा राहिला, "बसा वहिनी." बसले नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

गणपती आठवड्यावर. वन्सं पुडी फोडतील.

एस.टी.डी. बूथवर गेले. वन्संच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे. त्यांनी हाक मारून वन्संना आणलं. काचेबाहेर पाच-सहा जण उभे, दार नीट लागत नाही, मीटरचे आकडे पळताहेत. वन्सं म्हणाल्या, "काय गं, सगळं ठीक? वसंताला बोलवू?" मी म्हटलं, नको, नको, सहज केला. प्रकृतीला जपा म्हणावं. आणि ठेवला.

२३ रु. पुडीचं बोललेच नाही. पुडी म्हटलं असतं तर वन्संनी 'का?' असं विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. एवढंच ना? ह्यांचा जीव की माझं तोंड, एवढाच प्रश्न होता आणि मी फोन ठेवला.

घरी येऊन वन्संना पत्र लिहायला घेतलं: पुडीला किडे लागले असतील, टाकून द्यावी. सैंधवाला कधी किडे लागतात का? खोटंही धड सुचेना. फाडलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

सकाळी आंघोळ करून, गोळी घेऊन, ह्यांनाच पत्र लिहिलं. कार्डावर नाही, आंतर्देशीय. आधी स्टेशनवरच्या रेल्वे मेलच्या पेटीत टाकून आले, मग चूल पेटवली. आज अळणी भात. घास फिरतो तोंडात. चैत्रात डॉ.नी सांगितलं तेव्हा हेच करायचं होतं.

नक्कल ठेवते, म्हणजे उद्या मला वेगळं आठवायला नको:

"ती. स्वरूप यांस कृ. सा. न. वि. वि.

आपले खरे होते. आपण बाहेर काही खाल्ले नव्हते. मीठ घरातच होते, मीच घालत होते. सैंधव हेही मीठच, असे डॉ. म्हणाले. माझेही बी.पी. वाढले आहे, त्यावरून उघड झाले. वन्संना पुडी फोडू देऊ नये. फोडली असेल तर त्यातले खाऊ नये. माझ्या चिठ्ठीत लिहिले होते ते सगळे चूक आहे, हे वन्संनाही वाचून दाखवावे. मला काय वाटेल याचा विचार करू नये.

फरसाणवाल्याकडे जाऊन मी सांगून आले. बाक रिकामा आहे, पेपर रोज येतो, असा त्याचा निरोप आहे. आपले मित्र होते, त्यांच्यादेखत सांगितले.

देवापुढे हात ठेवायला लावला त्याबद्दल काय लिहावे ते सुचत नाही. तेवढी जागा कोरी सोडते.

गणपती आणायचे की नाही हे आपण आल्याशिवाय ठरवणार नाही. आणलेच तर नैवेद्याचे मीठ किती घालायचे ते आपण सांगाल तसे. यावेच असा आग्रह माझ्या तोंडी शोभत नाही.

पुडी फोडली की नाही, एवढे मात्र उलट टपाली कळवावे. दोन ओळी पुरेत. आपल्या हातच्या असाव्यात."