एक पावसाळा जाईपर्यंत

गोरेगाव, ता. सेनगाव
२२ नोव्हेंबर

प्रिय वैजनाथ,

अनेक आशीर्वाद. फोन हाताशी असताना मी पत्र का लिहीत आहे, असा प्रश्न तुला पडेल. फोनवर तू दर वाक्याला "व्हय गुर्जी" म्हणतोस आणि मग मला पुढचे बोलवत नाही. आज मला मधे कोणी होकार दिलेला चालणार नाही. पाकिटात घडी घातलेला आणखी एक कागद आहे. तो शेवटी उघड. शाळेत तू प्रश्न पुरता न वाचताच उत्तर लिहायला घ्यायचास. ती सवय आजच्यापुरती मोड.

आपल्या करारनाम्याला दिवाळीत एक वर्ष पूर्ण झाले. त्यात अकरा कलमे होती आणि ती सर्व मी स्वतः लिहिली होती. जोते झाल्यावर एक हप्ता, चौकटींच्या वर भिंती गेल्यावर दुसरा, स्लॅब पडल्यावर तिसरा, गिलाव्यानंतर चौथा. झालेल्या कामापुढे एक रुपया नाही, रोख व्यवहार नाही, पावतीशिवाय धनादेश नाही. विलंब झाल्यास दिवसाला दोनशे रुपये दंड. आणि शेवटचे कलम असे: एकूण रकमेचा दहावा भाग एक पावसाळा जाईपर्यंत घरमालकाकडे राहील, गळती आढळल्यास दुरुस्ती करून आणखी एक पावसाळा थांबावे लागेल. सही करण्यापूर्वी मी तुला प्रत्येक कलम मोठ्याने वाचायला लावले होते. बेचाळीस वर्षांचा गुत्तेदार तू, पण सहावीतल्यासारखा उभा राहून वाचलेस. मग म्हणालास, "गुर्जी, तुमी लिवलंय म्हंजे बराबरच असंल."

एवढी खबरदारी कशासाठी, हे तुला ठाऊक आहे. पंधरा वर्षांपूर्वी याच भूखंडावर मी पहिल्यांदा घर बांधायला काढले होते. तेव्हाचा गुत्तेदार गोडबोल्या होता. निवृत्तीनंतर मिळालेले भविष्यनिर्वाह निधीचे दोन लाख मी त्याला एकरकमी, कागदाशिवाय दिले. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा तेव्हा मला सद्गुण वाटत होता. जोते बांधून तो जो गेला, तो आजतागायत परतला नाही. त्या जोत्यावर शिला दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवायची आणि भाड्याच्या खोल्यांत राहत असूनही शेजारणींना "आमच्या घरी मिरच्या घातल्यात" असे सांगायची. मी तिला एकदाही दुरुस्त केले नाही. आमच्या विश्वंभरचे शिक्षण संपून तो पुण्यात स्थिरावल्यावर आम्ही पुन्हा धीर केला. त्या वेळी मी ठरवले होते की, या खेपेस कोणी मला फसवू शकणार नाही. त्या कराराचा एकही शब्द मी आजही बदलणार नाही. कोणी घर बांधायला निघाला, तर मी त्याला हाच मसुदा देईन.

काम सुरू झाल्यापासून मी रोज सकाळी खुर्ची घेऊन तिथे बसू लागलो. सळईची जाडी मोजली, विटा पाण्यात बुडवून पाहिल्या, सिमेंटच्या रिकाम्या थैल्या संध्याकाळी मोजून वहीत लिहिल्या. तुझ्या कामावरची रूपाबाई डोक्यावरची पाटी न उतरवता म्हणाली होती, "गुर्जी, थैल्या मोजून झाल्या असतील तर आमचे दात बी मोजा." सगळे हसले आणि मी वहीत पाहत राहिलो. परंतु त्या रात्री शिलाला ते सांगताना मीही हसलो. चार वाजता ती सर्वांसाठी चहा घेऊन यायची आणि ओटा रुंद हवा, दोन माणसांना पाय पसरून बसता आले पाहिजे, असे तुला दररोज बजावायची. नकाशात ओटा चार फुटांचा होता. तू तो साडेपाच फुटांचा केलास आणि वाढीव पैसे मागितले नाहीस. मी मात्र वहीत "नकाशाविरुद्ध" अशी नोंद केली होती.

माघात शिला गेली. भिंती तेव्हा चौकटींच्या वर आल्या होत्या. तू तेरा दिवस काम बंद ठेवलेस, माणसे घरी पाठवलीस. चौदाव्या दिवशी मी पुन्हा खुर्चीत येऊन बसलो, तेव्हा चार वाजता रूपाबाईने तीन विटांच्या चुलीवर चहा केला आणि पहिला कप माझ्या हातात देत म्हणाली, "घ्या, ह्याची पावती नको." आणि चौथ्या हप्त्याच्या वेळी मी ते तेरा दिवस विलंबात धरून सव्वीसशे रुपये कापले. कलम स्पष्ट होते. तू धनादेशावरची रक्कम पाहिलीस, माझ्याकडे पाहिलेस आणि पावतीवर सही केलीस.

मेअखेरीस तू किल्ली दिलीस. सेंट्रिंगच्या फळ्या, मिक्सर, पाण्याचे पिंप, सर्व ट्रॅक्टरमध्ये चढले आणि रूपाबाई मागे बसून हात हलवत गेली. त्यानंतर या घरात किती शांतता झाली, हे मला नीट लिहिता येत नाही. गावाबाहेरचा भूखंड, शेजार अजून वसलेला नाही. चार वाजले की मी अजूनही घड्याळाकडे पाहतो. विश्वंभर रविवारी व्हिडिओवर दिसतो. "जेवलात का, बी.पी.ची गोळी घेतली का", आणि मग आम्ही दोघेही स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आपापल्या चेहऱ्याकडे पाहत बसतो.

आता त्या गळतीविषयी. जुलैत पहिला डाग दिसला तेव्हा मी तुला लगेच फोन केला. त्यानंतर तासाभराने माझ्या ध्यानात आले की, मी मोटार बंद करायला विसरलो होतो. टाकी भरून वाहिली होती आणि ते पाणी भिंतीवरून उतरले होते. मी तुला पुन्हा फोन करायला हवा होता. पण तेवढ्यात तुझ्या मोटारसायकलचा आवाज आला. तू गच्चीवर मातीच्या पाळी घालून पाणी तुंबवलेस, तीन तास थांबलास, माझ्या हातची करपलेली खिचडी खाल्लीस, तुझ्या आकांक्षाच्या बारावीविषयी बोललास. जाताना म्हणालास, "पाणी कुठून येऊन राहिलं, काही समजून न्हाई राहिलं." ते मला समजले होते आणि मी गप्प राहिलो.

ऑगस्टमध्ये मी स्टुलावर चढून एक तांब्या पाणी भिंतीच्या कोपऱ्यावर स्वतः ओतले. शहात्तराव्या वर्षी. तू आलास, स्वतःच्या खर्चाने सर्व गच्चीवर गळतीरोधक थर दिलास आणि दोन दिवस रूपाबाईसह इथे होतास. ते दोन दिवस फार चांगले गेले. तिसरी तक्रार मी दसऱ्याच्या दोन दिवस आधी केली. दसऱ्याला तुझे एक लाख तीस हजार देऊन आपला हिशेब संपणार होता आणि मग तुला इकडे येण्याचे काही कारण उरले नसते. म्हणून मी पुन्हा तांब्या उचलला. ओल पाहून तू खाली बसलास आणि म्हणालास, "बराबर हाय गुर्जी. कलमात हाय तसं आणखी एक पावसाळा बघू." आपले पैसे अडकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर राग दिसतो, तुझ्या चेहऱ्यावर शरम होती. ते मी पाहिले आणि तरीही तुला चहा करून दिला.

मी एवढ्यावर थांबलो असतो, तर कदाचित हे पत्र लिहिले नसते. परंतु किराणा दुकानात, जीपमध्ये, देवळाच्या पारावर लोक विचारायचे, "काय म्हणतंय गुर्जी, नवं घर?" आणि मी म्हणायचो, "गच्ची गळते." मग माणसे जवळ सरकायची, दोन उपाय सांगायची. विश्वंभरसुद्धा अलीकडे गळतीविषयी पंधरा मिनिटे बोलतो.

काल हिंगोलीहून परतताना मी जीपच्या मागच्या बाकावर होतो. कानटोपीमुळे मला कोणी ओळखले नाही. पुढचे दोघे बोलत होते. हळदीचे व्यापारी रामप्रसाद शेठ यांचे हिंगोलीतले दुमजली काम तुझ्या हातून गेले, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने विचारले, "काहून? पोरगं तर चांगलं काम करतंय." पहिला म्हणाला, "गुर्जींची गच्ची गळती ना. तीनदा केली दुरुस्त, थांबंना." "खरं हाय का पण?" "आता घ्या. ज्या माणसानं हजेरीत एक टिंब चुकू दिलं न्हाई, तो कशाला खोटं बोलंल?" याच कामाच्या भरवशावर तू नवे मिक्सर मशीन हप्त्यांवर घेतलेस, हे तू मला दसऱ्याला सांगितले होतेस. मी गोरेगावला उतरलो आणि घरापर्यंत चालत आलो. आयुष्यभर खरे बोलून जी पत मिळवली, ती मी तुझ्याविरुद्ध वापरली होती.

म्हणून हे लिहीत आहे. मी, रामकिशन गुरुजी, शुद्धीवर असताना आणि कोणाच्या दबावाशिवाय असे लिहून देतो की, वैजनाथने बांधलेल्या माझ्या घराची गच्ची आजवर एकदाही गळलेली नाही. तिन्ही तक्रारी असत्य होत्या. उद्या सकाळच्या जीपने मी हिंगोलीला जाऊन रामप्रसाद शेठच्या दुकानात, जे कोणी बसलेले असतील त्यांच्यासमोर, हेच सांगणार आहे. तोंडाने सांगताना माझ्याकडून शब्द मवाळ झाले, तर हे पत्र त्यांना दाखव, सबंध दाखव. घडी घातलेला कागद हा धनादेश आहे: एक लाख तीस हजार, गच्चीवरच्या थराचा खर्च, आणि तेरा दिवसांचे सव्वीसशे. आजपासून आपल्या करारातील एकही कलम तुझ्यावर बंधनकारक नाही. तू यापुढे आला नाहीस, तर ते मला समजेल. ओट्याच्या दुसऱ्या पायरीची फरशी महिनाभरापासून हलते आहे. ही तक्रार खरी आहे, म्हणून ती मी करणार नाही. कधी आलास, तर तेवढा पाय जपून टाक.

तुझाच,
रामकिशन गुरुजी