काकडीच्या विमानतळावरची मुराळी

पुणतांबा, ता. १२ मार्च २०२४

ती. आक्कास, रंगनाथचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून कागद घेतला. यात्रेला यायचं तुझं विमानाचं तिकीट भाच्याने काढलं, हे मी गावभर मिरवलं. मिरवता मिरवता विहिरीच्या पायरीवरून घसरलो. पाय प्लास्टरमध्ये आहे. आमच्या सुनीलला कारखान्याच्या हंगामात रजा नाही. तेव्हा काकडी गावच्या विमानतळावर तुला घ्यायला त्याची बायको रेश्मा येईल. गेलं वर्षभर ती तिथेच टॅक्सी चालवते.

लोभ हे वाचूनही राहू दे.

तुझा,
रंगनाथ

हैदराबाद, ता. २० मार्च

चि. रंगनाथ यास अनेक आशीर्वाद.

पायाला जप. पण बेचाळीस वर्षांत माहेरी न्यायला मुराळी आला नाही, असं झालेलं नाही. आधी आप्पा येत, मग तू. आता सासरच्यांनी विचारलं, भाऊ कुठंय, तर काय सांगू? भाड्याची गाडी, आणि ती हाकायला घरची सून! चारचौघांत शोभा होईल. कुबड्या घेऊन ये, नाहीतर मी तिथूनच परत फिरेन.

माया कमी नाही, हट्ट जास्त आहे.

तुझी,
झुंबरआक्का

हैदराबाद, ता. १४ एप्रिल

चि. रंगनाथ यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तिथे घरभर माणसं होती म्हणून बोलले नाही, ते आता लिहिते.

त्या दिवशी बाहेर आले तर रेश्मा माझ्या नावाची पाटी धरून उभी. मी बघून न बघितल्यासारखं केलं आणि बाकावर जाऊन बसले. ती पाया पडली, शिदोरीचा डबा शेजारी ठेवला आणि तिथेच उभी राहिली. तेवढ्यात एक कुटुंब तिच्याकडे आलं. शनिशिंगणापूरला चल म्हणून मागेच लागलं. रेश्माने हात जोडले. म्हणाली, आज गाडी भाड्यानं न्हाई, आज मी आत्याबाईंची मुराळी हाय. त्या उठस्तवर हितंच उभी ऱ्हानार. माझे कान कसे आहेत तुला ठाऊक, पण हे स्वच्छ ऐकू आलं.

रंगनाथ, तू माझ्यासाठी कधी एवढा थांबला नाहीस. एसटी चुकेल म्हणून पिशवीसकट ओढत न्यायचास. मी उठले. डबा उघडून त्या लोकांच्याही हातावर पुरणपोळी ठेवली आणि सांगितलं, ही माझ्या भावाची सून, मला माहेरी न्यायला आली आहे. आवाज जरा मोठा लागला असावा, कारण सगळेच वळून बघायला लागले. मला फार अभिमान वाटला रे.

दिवाळीला रेश्मालाच धाड. पाय बरा झाला तरी तू घरी बस. तू आलास तर मी विमानातून उतरणार नाही.

आशीर्वाद आहेतच, यापुढे निम्मे तिचे.

तुझी,
आक्का